जुन्या ओम्नीचा दम कमी झालाय? काही खोलण्याआधी हे तपासा

इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना गाडी ठीक असते, परतताना भेरूघाटात मात्र रडते. जाताना निमाडात उतरायचं असतं. येताना तेवढीच माणसं घेऊन माळव्याच्या पठारावर चढायचं असतं, आणि तेही इंजिन पुरतं तापल्यावर. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला लावूनही गाडी ओढत नसेल, तर इंदुरात आल्यावर गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "कार्ब्युरेटर साफ करून द्या." पैसे वाया जायला सुरुवात इथूनच होते. हवा-पेट्रोलचं मिश्रण बनवणारा कार्ब्युरेटर साफ होतो, मग प्लग बदलतात, मग कॉइल, आणि गाडी आहे तिथेच राहते. कारण हवा, इंधन, ठिणगी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि एक्झॉस्ट या पाचांपैकी नेमकं काय कमी पडतंय, हे कुणी मोजलेलंच नसतं.

इथे मारुती ओम्नी समोर ठेवली आहे. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली, १९८८ पासून ओम्नी या नावाने विकली गेलेली आणि २०१९ पर्यंत बनत राहिलेली ही गाडी शाळेच्या व्हॅनपासून केटरिंगच्या डब्यांपर्यंत सगळीकडे अजून धावते आहे. क्रम मात्र कुठल्याही जुन्या पेट्रोल व्हॅनला लागू पडतो. आकड्यांच्या बाबतीत तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल किंवा इंजिनावरचं लेबल वेगळं सांगत असेल, तर ते प्रमाण मानावं.

आधी अपेक्षा नीट ठेवू. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद नवी असताना जेमतेम ३५ हॉर्सपॉवर. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब किनारपट्टीपेक्षा साधारण ६ टक्के कमी, म्हणजे इंजिनाची ताकदही तेवढीच कमी. सीएनजीवर आणखी १० ते १५ टक्के जातात, कारण गॅस सिलिंडरमधली हवेची जागा अडवतो. तेव्हा आठ माणसं भरून घाटात दुसरा गिअर लागतोच, तो दोष नव्हे. मागच्या वर्षी जी चढण तिसऱ्यावर व्हायची ती आज दुसऱ्यावरही होत नाही, असा बदल झाला असेल तर तो शोधायचा.

बदल मोजायला एक ठरावीक चाचणी हवी. सुपर कॉरिडॉरसारख्या सपाट, सरळ रस्त्यावर पहाटे रहदारी नसताना टॉप गिअरमध्ये ३० च्या वेगापासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि ६० ला पोचायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याला घड्याळावर मोजू द्या. जाताना एकदा, येताना एकदा, म्हणजे वाऱ्याचा आणि बारीक उताराचा परिणाम निघून जातो. माणसं तेवढीच, टायरमधली हवा तेवढीच. आकडा वहीत लिहा. दुरुस्तीनंतर "आता बरी वाटतेय" याला काही अर्थ नाही, सेकंद किती कमी झाले ते बघायचं.

दोष इंजिनाचाच आहे का?

बऱ्याचदा तो इंजिनात नसतोच, म्हणून इथे दहा मिनिटं घालवा. वीस मिनिटं गाडी चालवून सपाट जागी थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतोय. पुढे कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना जाम होतात, मागे हँडब्रेकची केबल गंजून परत येत नाही. जॅक लावून चाक हाताने फिरवलं की कळतं.

क्लच घसरत असेल तर लक्षण अगदी उलट असतं: इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग चढत नाही. चढणीवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर द्या. आवाज वर गेला आणि काटा तिथेच राहिला, वर जळका वास आला, तर आधी क्लच पेडलचा मोकळा प्ले बघा. तो साधारण २० मि.मी. तरी हवा. केबल फार ताणून बसवली असेल तर चांगली क्लचप्लेटही घसरते.

तिसरी गोष्ट फार सोपी आहे आणि म्हणूनच राहून जाते. पुढच्या सीट उचला, इंजिन बंद ठेवून एकाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, पाकळी पूर्ण उघडते का ते बघा. केबल ढिली झालेली असते, किंवा पेडलखाली जाड मॅट घातलेली असते, आणि गाडी वर्षभर पाऊण थ्रॉटलवर चालत राहते. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोकची पाकळीही याच वेळी बघून घ्या. चोकचा नॉब आत ढकलला तरी केबल अडकून पाकळी अर्धी बंद राहू शकते. मग काळा धूर, पेट्रोल जास्त आणि दम कमी, असं सगळं एकत्र दिसतं.

तीन प्रश्न, ज्यांनी अर्धं काम होतं

पहिला: गाडी थरथरत कमी ओढते, की गुळगुळीत राहून कमी ओढते? तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर मेला तर एकतृतीयांश ताकद गेली आणि सीटखाली थरथर स्पष्ट जाणवते. याचा अर्थ दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे: प्लग, वायर, व्हॉल्व्ह, इंजेक्टर. इंजिन गुळगुळीत चालतंय पण दम नाही, तर तिन्ही सिलिंडरना सामायिक असलेलं काहीतरी बिघडलंय: एअर फिल्टर, पेट्रोलचा पुरवठा, ठिणगीचं टायमिंग, सायलेन्सर. या एका फरकाने बराच फालतू खर्च वाचतो.

दुसरा, गॅसचं किट असेल तर: दोन्ही इंधनांवर दम कमी आहे का? तीच चढण, तेवढीच माणसं, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर. दोन्हीवर कमी असेल तर कार्ब्युरेटर आणि रेड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) दोघेही बहुधा निर्दोष आहेत. ठिणगी, कॉम्प्रेशन आणि एक्झॉस्टकडे वळा. फक्त गॅसवर कमी असेल तर रेड्यूसर, गॅसचा फिल्टर आणि प्लग. फक्त पेट्रोलवर कमी असेल तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा रस्ता. याहून स्वस्त चाचणी नाही.

तिसरा: कधी होतं? थंड इंजिनावर ठीक, अर्ध्या तासाने कमी? फक्त पूर्ण ॲक्सिलरेटरवर? फक्त पावसाळ्यात? टाकी अर्ध्याखाली गेल्यावर? उत्तरं लिहून ठेवा, पुढे प्रत्येकाचा उपयोग आहे.

हवा

एअर फिल्टर काढून उन्हासमोर धरा. कागदाच्या घड्यांतून उजेड दिसला पाहिजे. उन्हाळ्यात माळव्याची बारीक माती घड्यांच्या तळाशी बसते आणि वरून फिल्टर ठीक दिसतो. झटकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने आतून बाहेर फुंकून एकदा चालतं, पण कागद तेलकट झाला असेल तर बदलाच. फिल्टरशिवाय गाडी पळवून बघू नका. आतली पिस्टनची रिंग त्या मातीने झिजते.

इनटेक मॅनिफोल्डच्या जोडावर आणि व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्यांवर आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू ठेवून, साबणाच्या पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला, चाल क्षणभर सुधारली किंवा बिघडली, तर तिथून हवा ओढली जातेय. काही लोक यासाठी पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर वापरतात. तापलेल्या एक्झॉस्टच्या इतक्या जवळ, सीटच्या खाली, हे करू नका.

इंधन

पेट्रोलचा पुरवठा कमी पडत असेल तर त्याचं वागणं ओळखता येतं. आयडल चांगला, गावात चांगली, पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर दहा-पंधरा सेकंद ओढून गाडी एकदम ढिली पडते. पेडल सोडलं की पुन्हा जान येते. याचं कारण, कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं साठलेलं पेट्रोल संपतं आणि मागून पुरेसं येत नाही.

टाकीपासून सुरुवात करा. झाकणाचं श्वासाचं भोक बंद झालं असेल तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो. दम गेल्यावर थांबून झाकण उघडलं आणि "सूं" असा आवाज येऊन गाडी पुन्हा ठीक झाली, तर दोष झाकणात. पुढचा इनलाइन फिल्टर: बाणाची दिशा बरोबर आहे का, आतला कागद काळा झालाय का. त्याची किंमत इतकी कमी आहे की शंका आली तर बदलून टाकावा.

मग पंप. कार्ब्युरेटरच्या गाडीत हा कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रामचा मेकॅनिकल पंप असतो. कॉइलची बारीक वायर काढून ठिणगी बंद करा, कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर जोरदार पिचकाऱ्या यायला हव्यात. नुसती धार ठिबकली किंवा फेस आला तर डायफ्राम गेलाय, नाहीतर टाकीकडच्या बाजूने नळी हवा ओढतेय. पंपाच्या तळाच्या भोकातून पेट्रोल गळत असेल तर डायफ्राम फाटलाच आहे, आणि तेच पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरत असतं. डिपस्टिकचा वास घ्या. ही चाचणी उघड्यावर, इंजिन थंड असताना, जवळ आग विझवायचं साधन ठेवून करायची.

एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत पंप टाकीच्या आत आणि विजेवर चालणारा असतो, दाब साधारण ३ बारच्या आसपास. त्यासाठी प्रेशर गेज लागतो. आयडलवरचा दाब बघून थांबू नका. गेज बांधून पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर काटा पडतो का, ते महत्त्वाचं. पंप बदलण्याआधी त्याच्या कनेक्टरवर चालू इंजिनात किती व्होल्ट येतात ते मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी येत असतील तर पंप नाही, वायर किंवा रिले दोषी आहे.

आता पेट्रोलविषयी. आपल्याकडे पंपावर मिळणारं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी. एमपीएफआयचा कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरवरून काही अंशी सावरून घेतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं. त्याहून वाईट म्हणजे जुने रबर फुगतात, नळ्या आतून सुटतात आणि त्यांचे काळे कण जेटमध्ये जाऊन बसतात. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचं किट इथेनॉलला टिकणारं आहे का, हे दुकानदाराला विचारूनच घ्या. पावसाळ्यात टाकीत ओल शिरली तर इथेनॉल पाणी ओढून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी थर बसतो. फिल्टरआधीच्या नळीतून काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढा आणि वीस मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गढूळ थेंब दिसले तर टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय पुढे काही करण्यात अर्थ नाही.

कार्ब्युरेटर इथे येतो, इतक्या खाली. ज्याच्या फ्लोट चेंबरला काच आहे, त्यात आयडलवर पेट्रोलची पातळी मधल्या गोल खुणेत दिसली पाहिजे. खाली असेल तर नीडल व्हॉल्व्ह किंवा त्याच्याआधीची बारीक जाळी तुंबली आहे. ही जाळी आत शिरणाऱ्या नळीच्या जोडातच असते आणि साफसफाईत बऱ्याचदा राहून जाते. जी गाडी कायम गॅसवर चालते तिचा फ्लोट चेंबर उघडला की तळाला पिवळसर, चिकट वार्निश दिसतं. साठलेलं पेट्रोल सुकून झालेलं. मेन जेट उघडा दिसतो, पण भोकाच्या कडेला तो थर असला तरी पुरे. जेट तारेने कधीही खरवडू नका, भोक मोठं होतं आणि मग गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. द्रावणात भिजवा, हवेने फुंका. इंजिन बंद असताना पेडल एकदम दाबून कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावलं की ॲक्सिलरेटर पंपाची धार दिसायला हवी. ती नसेल तर पेडल दाबताच गाडी आधी गचकते, मग पळते.

उन्हाळ्यात, मे महिन्यात, जॅममध्ये अडकल्यानंतर दम जाणं हा वेगळा प्रकार आहे. इंजिन सीटच्या खाली कोंडलेलं असल्याने पेट्रोलची नळी तापते आणि वाफ धरते. नळी एक्झॉस्टपासून दूर बांधली आहे का, तिचं मूळ उष्णतारोधक आवरण शिल्लक आहे का, ते बघा.

ठिणगी

तिन्ही प्लग काढा आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून ओळीत मांडा. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत विटकरी-तपकिरी रंग चांगला. कोरडा काळा म्हणजे मिश्रण जाड. पांढुरका फटफटीत म्हणजे पातळ किंवा फार गरम. तेलकट ओला म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. गॅसवर प्लग स्वच्छ आणि फिकटच दिसतात, तिथे रंगावर जाऊ नका. तिघांतला एक वेगळा दिसला, तर शोध त्या सिलिंडरपुरता उरला. प्लगचा गॅप पॉइंटच्या (डिस्ट्रिब्यूटरमध्ये कॉन्टॅक्ट ब्रेकर असलेल्या) जुन्या गाडीला ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवतात. गॅसवर ठिणगीला जास्त ताण पडतो, म्हणून गॅप मोठा झालेला प्लग पेट्रोलवर चालतो आणि गॅसवर चुकतो.

एचटी, म्हणजे प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरी अंधारात, इंजिन चालू ठेवून बघा. निळ्या ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर वायर गेली. मल्टिमीटरवर एखादीचा ओहमचा आकडा बाकी दोघींपेक्षा कितीतरी पट जास्त आला तरी तीच. डिस्ट्रिब्यूटरची टोपी उलटी करून उजेडात धरा: दोन खुंट्यांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेष दिसली, तर ठिणगी त्या वाटेने चोरली जातेय. पुसून भागत नाही, टोपी बदलावी लागते.

पॉइंटच्या गाडीत एक गोष्ट हळूहळू घडते आणि म्हणून कळत नाही. कॅमला घासणारा फायबरचा तुकडा झिजतो, पॉइंटचा गॅप ०.४-०.५ मि.मी. वरून कमी होत जातो आणि टायमिंग आपोआप मागे सरकतं. गाडी तापते, सायलेन्सर जास्त गरम होतो, दम रोज थोडा थोडा जातो. आधी गॅप, मग टायमिंग, हा क्रम उलटा करू नका. गॅप हलवला की टायमिंग हलतंच. टायमिंग लाइट लावून लेबलवरच्या आकड्याशी जुळवा. त्यानंतर टायमिंग गरजेप्रमाणे पुढे घेणारे दोन ॲडव्हान्स तपासा. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढल्यावर आतली प्लेट सरकायला हवी आणि नळी जिभेने बंद ठेवली तर तिथेच टिकायला हवी. रोटर हाताने फिरवून सोडला की स्प्रिंगने परत यायला हवा. यातलं एक जरी जाम असेल तर आयडलवर टायमिंग बरोबर दिसतं आणि वेगात गाडी मागे राहते. कानावर टायमिंग पुढे घेणं टाळा. माणसं भरून चढणीवर खडखड ऐकू आली तर पिस्टनवर घाव पडतोय.

कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलवर इन्सुलेटेड पक्कडीने एकेक प्लगची टोपी क्षणभर काढून बघता येते. जिच्यामुळे काहीच फरक पडला नाही तो सिलिंडर आधीच मेलेला आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) असलेल्या गाडीत हे करू नका, न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचं नुकसान होतं.

एमपीएफआयमध्ये चेक इंजिनचा दिवा पेटला असेल तर स्कॅन करून घ्या, पण कोड म्हणजे निकाल नव्हे. मॅप (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) सेन्सरचा कोड आला की सेन्सर बदलण्याआधी त्याची रबरी नळी चिरलेली आहे का आणि कनेक्टरला हिरवा गंज आहे का ते बघा.

कॉम्प्रेशन

इथपर्यंत काही सापडलं नाही, किंवा एक सिलिंडर मेलेला सापडला आणि प्लग-वायर ठीक निघाले, तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, ठिणगी बंद करा (एमपीएफआयमध्ये पंपाचा फ्यूजही काढा), बॅटरी भरलेली ठेवा. एकाने पेडल तळापर्यंत दाबून धरायचं. हे विसरलात तर चांगलं इंजिनही कमी आकडा दाखवतं. काटा चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सहा दाबांपर्यंत, स्टार्टर मारा.

ठणठणीत इंजिनात १५० ते १७० पीएसआयच्या आसपास मिळतं. इंदूरच्या उंचीवर आकडा थोडा खालीच येतो. नुसत्या आकड्यापेक्षा तिघांतला फरक जास्त बोलतो. १५ पीएसआयहून जास्त फरक असेल तर कारण शोधायचं. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंग-बोअर. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्या दोघांमधलं गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी. तिन्ही सारखेच कमी असतील आणि गाडी तेल जाळत नसेल, तर टायमिंग बेल्ट एखादा दात घसरलाय का ते कव्हर काढून खुणांवर तपासा. असं इंजिन सुरू होतं, गुळगुळीत चालतं आणि तरी ओढत नाही. कार्ब्युरेटरला उगाच बदनाम करणारा हा एक मोठा दोष.

गॅसवर चालणाऱ्या व्हॅनसाठी इथे थांबून नीट वाचा. पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्हच्या बैठकीला थोडी थंडाई आणि ओल देतात. कोरडा गॅस देत नाही. बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप कमी कमी होत शून्यावर येतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, एक्झॉस्टची तापलेली वायू त्या फटीतून सुटते आणि कडा जळते. वाजणाऱ्या टॅपेटकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण धोका मुक्या टॅपेटचा आहे. गॅसवरच्या गाडीचे टॅपेट दर १०,००० किलोमीटरला तपासा. थंड इंजिनावर फीलर गेजची ०.१५ मि.मी. ची पट्टी किंचित घासत जायला हवी. सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आहेत आणि फायरिंग ऑर्डर १-३-२. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून त्याचे दोन व्हॉल्व्ह सेट करा, मग क्रँक २४० अंश फिरवून तिसऱ्याचे, पुन्हा २४० फिरवून दुसऱ्याचे. लॉकनट आवळल्यावर गॅप पुन्हा मोजा, आवळताना तो हमखास सरकतो. गॅप वेळेत सेट झाला तर हेड उतरवायची पाळी येत नाही. कडा एकदा जळली की येते.

फक्त गॅसवर दम कमी असेल तर लो-प्रेशर फिल्टर बदला आणि रेड्यूसरला हात लावून बघा: इंजिन तापल्यावर तोही कोमट-गरम झाला पाहिजे. गार किंवा बर्फाळ असेल तर त्यातून कूलंट फिरत नाहीये. हाय-प्रेशरची बाजू स्वतः उघडायची नाही, ते अधिकृत किटवाल्याचंच काम. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. तारीख टाकीवरच्या पट्टीवर बघून घ्या.

एक्झॉस्ट

तुंबलेला सायलेन्सर हा सगळ्यात उशिरा तपासला जाणारा दोष. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या शाळेच्या व्हॅनमध्ये आत पाणी साठतं, आतले पत्रे गंजून तुटतात आणि वाट अडवतात. कन्व्हर्टर असेल तर मिसफायर होत राहिल्याने त्याची जाळी वितळते. रबरी हातोडीने हलकं ठोकलं की सुटे तुकडे वाजतात.

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. इंदुरात दीड-दोन इंच कमी धरा, म्हणजे १५ ते १९. स्थिर पण कमी काटा म्हणजे टायमिंग मागे. ठरावीक लयीत खाली झटका देणारा काटा म्हणजे एक व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आता २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून ठेवा. काटा सुरुवातीला ठीक असून हळूहळू खाली उतरत गेला तर धुराला वाट मिळत नाहीये. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावता आला तर २,५०० आरपीएमवर ३ पीएसआयपेक्षा कमी दाब हवा.

गेज नसेल तर थंड गाडीत पुढचा जोड थोडा ढिला करून, तीच चढण छोट्या अंतरापर्यंत चालवून बघतात. ओढ परत आली तर निदान झालं. हे करताना सगळ्या काचा पूर्ण उघड्या ठेवा, गाडीत दुसरं कुणी बसवू नका आणि लगेच जोड आवळा. ओम्नीत इंजिन सीटखाली आहे. एक्झॉस्टच्या जोडातून सुटलेला कार्बन मोनॉक्साइड थेट बसणाऱ्यांपर्यंत पोचतो, आणि त्याला वास नसतो. याच कारणाने इंजिनाच्या झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर ते दम असो-नसो, आधी बदला. या गाडीत मुलं बसतात.

सामान छोटी ग्वालटोलीच्या दुकानांत घ्यायला जाताना जुना पार्ट सोबत न्या. कार्ब्युरेटर आणि एमपीएफआयचे, पॉइंट आणि इलेक्ट्रॉनिकचे भाग दिसायला जवळचे आणि बसायला वेगळे असतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तीच ३० ते ६० ची चाचणी घ्या, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच माणसांसह. सेकंद जुन्या आकड्यावर आले की बाकीचे पार्ट दुकानातच राहू द्या आणि ५०० किलोमीटरनंतर प्लग पुन्हा एकदा काढून तिघांचा रंग सारखा आहे का ते बघा.